ह्यांच्यासाठी बिस्किट जॉइनर

२ फेब्रुवारी, रविवार

आज मागची खोली उघडली. न्हाणीघरातला बल्ब गेला होता आणि शिडी तिथे होती, एवढंच कारण. दीड वर्षात त्या खोलीत मी फक्त काहीतरी टाकायला गेले आहे. बंद पडलेला पंखा, लेकीच्या वह्यांची खोकी, ह्यांची चाकांची खुर्ची. त्या सगळ्याच्या मागे भिंतीला टेकून सात फळ्या उभ्या होत्या. जेवणाच्या टेबलासाठी ह्यांनीच निवडून आणलेल्या, सुतारकाम हा ह्यांचा जुना नाद. आणल्या आणि पुढच्याच आठवड्यात छापखान्यात, मशीनसमोर उभे असतानाच ह्यांना झटका आला. डावी बाजू गेली. पाय परत आला, काठी घेऊन का होईना. बोलणंही आलं. डावा हात तेवढा पोटाशी मिटून बसला आहे, रुसून बसलेल्या पाहुण्यासारखा.

शिडी काढली, बल्ब लावला, परत येऊन फळ्यांवरची धूळ पुसली. का पुसली ते माहीत नाही. खांदा आधीच दुखत होता. ह्यांना उठवायचं, मोजे चढवायचे, शर्टाची बटणं लावायची, मग दुकान, मग परत बटणं काढायची. माझा खांदा आता कोणत्याही हवामानात दुखतो.

व्यायाम शिकवणारी बाई गेल्या खेपेला म्हणाली होती, "त्यांना आवडीचं काहीतरी काम द्या. नुसते चेंडू दाबून माणूस कंटाळतो." लेकीला फोनवर हे सांगितलं तर तिने एक व्हिडिओ पाठवला. पडद्यावर एक उजवा हात, हातात बसेल एवढं मशीन. फळीच्या कडेला टेकवलं, ढकललं, झर्र झालं आणि कडेत खाच तयार. त्या खाचेत लाकडाची चपटी लंबगोल चकती आणि गोंद, समोरून तशीच खाच पाडलेली दुसरी फळी. झाला जोड. चकतीला बिस्किट म्हणतात आणि मशीनला बिस्किट जॉइनर.

मी तो व्हिडिओ सात-आठ वेळा पाहिला. एका हाताचं काम आहे. फार दिवसांनी मला काहीतरी सुचलं.

५ फेब्रुवारी

दुकानात आज गिऱ्हाईक नव्हतं. काचा घासायच्या मशीनशेजारी बसून हे लिहिते आहे. तीन चष्मे तयार करून ठेवले, मालक बाहेर गेलेत.

तक्ता केला. हिरवं मशीन सगळ्यात स्वस्त. निळं मधलं. पिवळं बघूच नये असं. किमती इथे लिहिणार नाही, वाचून माझीच चिडचिड होते. शिवाय भुसा ओढून घेणारी पिशवी कोणाला आहे, पातं किती दातांचं, पुढची पट्टी कशी सरकते. ही पट्टी म्हणजे सगळा खेळ. तिला फेन्स म्हणतात. ती फळीवर सपाट बसली तर खाच सरळ, नाहीतर दोन फळ्या एकमेकींकडे तोंड वाकडं करून बघणार.

एक गोष्ट मला फार आवडली. खाच बिस्किटापेक्षा थोडी लांब असते. म्हणजे जोडताना फळी दोन-तीन मिलिमीटर इकडे-तिकडे सरकवता येते. ह्यांच्या फळ्या जोडायच्या जुन्या लाकडी खुंट्यांना हे चालत नाही, भोक अर्धा मिलिमीटर चुकलं की संपलं. अशी चूक खपवून घेणारं यंत्र आमच्या घरात कुणी कधी आणलं नव्हतं.

ह्यांना सांगितलं. म्हणाले, "बिस्किटं? बुडवून खायची का?"

"जोडायची."

"बरं, बरं." पण त्यांनी व्हिडिओ बघायला मागितला. पूर्ण बघितला. मग माझ्याकडे बघितलं आणि परत एकदा बघितला.

"चांगलं आहे," म्हणाले. "घेऊ या."

एवढ्या सहज हो म्हणतील असं वाटलं नव्हतं. मागे पुस्तक वाचायचा स्टँड आणला होता तर आठ दिवस तोंड फिरवून बसले होते.

९ फेब्रुवारी, रविवार

हत्यारांच्या दुकानात गेले होते. दुकानदार मोठा गोड बोलतो, पण त्याच्या चष्म्याचा उजवा स्क्रू ढिला आहे आणि तो सारखा भुवईने चष्मा वर ढकलत असतो. मला त्याचं बोलणं ऐकूच येत नव्हतं, लक्ष सगळं त्या स्क्रूकडे.

त्याने हिरवं मशीन चालवून दाखवलं. फळी टेबलाला आवळली, डावा पंजा फेन्सवर पसरून दाबून ठेवला, उजव्याने मशीनचं धड धरून पुढे ढकललं. भुसा उडाला तो थेट माझ्या ओढणीवर. पिशवी लावली होती तरी. हे लिहून ठेवलं: हिरव्याची पिशवी निव्वळ शोभेची. आवाजही फार, दात शिवशिवतात. मग निळं. तेही त्याने तसंच चालवलं. भुसा कमी, आवाज जरा घोगरा. फेन्स दातेरी चाकावर सरकते त्यामुळे हलत नाही.

"कोणासाठी?" त्याने विचारलं.

"आमच्या ह्यांच्यासाठी. डाव्या हाताचा त्रास आहे, पण येईल."

"येणार, येणार. हळूहळू होतं," तो म्हणाला. लोक असं म्हणतात तेव्हा बरं वाटतं. घरापर्यंतचे दोन बसथांबे चालतच आले.

१० फेब्रुवारी

ह्यांच्या चौकश्या संपता संपत नाहीत. वजन किती? मूठ किती जाड? बटण अंगठ्याला पोचतं की बोट लांबवावं लागतं? वरची मूठ गोल आहे की दांड्यासारखी?

"तुमचा पंजा केवढा आहे!" मी म्हटलं. "तुम्हाला काय, फुटबॉलसुद्धा एका हातात मावतो."

"तू धरून बघितलंस का?"

"मी कशाला धरू?"

"पुढच्या वेळी धरून बघ."

जसं काही मशीन मलाच चालवायचं आहे! आजारी माणसाला वस्तू घ्यायच्या म्हणजे सहनशक्तीची परीक्षा. बरं, चौकश्या करणारा माणूस मशीन घेतल्यावर तरी खूश होईल की नाही कोण जाणे. खांद्याला मलम लावलं. वासाने ह्यांना शिंका.

१३ फेब्रुवारी

दवाखाना. व्यायामाच्या बाईने ह्यांची डावी बोटं एकेक करून उघडली, सोडली की परत मिटतात. बाहेर व्हरांड्यात मला एकटीला म्हणाली, "दीड वर्ष झालं आता. यापुढे आपण उजव्या हातावरच भर देऊ. तुम्हीही मनाची तयारी करा."

मी म्हटलं तयारी चालूच आहे, मशीन बघते आहे. ती माझ्या दंडावर हात ठेवून काही वेळ उभी राहिली. चांगली बाई आहे, पण फार दमलेली दिसते. उजव्या हातावर भर म्हणजे माझा हिशोब बरोबरच निघाला, हे मशीन उजव्या हाताचंच आहे. उजवा कामाला लागला की डाव्यालाही हुरूप येईल.

१६ फेब्रुवारी, रविवार

आज ह्यांनी नवीनच काढलं. "राऊटर आहे की आपल्याकडे. त्याला खाच पाडायचं पातं मिळतं. मशीनच्या पाव किमतीत काम होईल."

राऊटर म्हणजे ते लाकूड कोरायचं दोन कानांचं जड धूड, कपाटाच्या तळाशी. मी म्हटलं, "त्याला दोन हात लागतात. दोन मुठी आहेत त्याला. एवढं विसरलात?"

हे माझ्याकडे बघत राहिले आणि मग हसायला लागले. इतके हसले की खोकला आला, मला पाणी द्यावं लागलं. "तेही खरं," म्हणाले. "राऊटर बाद. त्याला दोन हात लागतात."

यात एवढं हसण्यासारखं काय होतं मला कळलं नाही. पण ह्यांना असं हसताना बघून किती महिने झाले होते. मी पण हसले, उगाच.

२० फेब्रुवारी

सुट्टी घेतली. मशीन यायच्या आधी फळ्या तयार हव्यात असं ह्यांचं म्हणणं. कडा सरळ नसतील तर कुठलंही बिस्किट कामाचं नाही. म्हणून मी रंधा मारायचा आणि हे स्टुलावर बसून उंटावरून शेळ्या हाकणार.

"कोपर आत. आत गं. खांद्याने नको, कमरेतून."

"तुम्ही छापखान्यात माणसांशी असंच बोलायचात?"

"याहून वाईट."

कमरेतून ढकलल्यावर मात्र खांदा दुखला नाही. पहिल्या फळीला तुकडे तुकडे निघाले, तिसरीला लांब सलग साल निघाली, सोललेल्या सफरचंदासारखी, पातळ. ती मी उजेडात धरून बघितली. आरपार दिसत होतं. काच घासताना कड अशीच कळते, डोळ्याआधी बोटाला. ह्यांनी गुण्या दिला, काटकोन बघायला. मी लावून बघितला, फटीतून उजेड आला नाही.

"कितवी फळी ही तुझी?" ह्यांनी विचारलं.

"तिसरी."

"मला वर्ष लागलं होतं याला." त्यांचं तोंड वेडंवाकडं झालं, मला वाटलं पाठ दुखते आहे. उशी आणून दिली.

मग बघते तर अडीच वाजले होते. गोळ्या दोनला द्यायच्या असतात. अर्धा तास उशीर! अशी कशी मी विसरले? त्यांच्या कामात मी रमून गेले आणि त्यांचं औषधच विसरले. परत असं होता कामा नये. घड्याळ खोलीत लावायचं.

२३ फेब्रुवारी, रविवार

घेतलं. निळं.

माझ्या दुकानातलं काचेची जाडी मोजायचं यंत्र पर्समध्ये घालून नेलं होतं. हत्यारवाला बघतच राहिला. मी त्याला दोन्ही मशीनने एकेक फळीवर दोन टोकांना खाचा पाडायला लावल्या आणि वरच्या पृष्ठापासून खाचेपर्यंत मोजलं. हिरव्याच्या दोन टोकांत अर्ध्या मिलिमीटरहून जास्त फरक. म्हणजे फेन्स पात्याशी समांतर नाहीच. टेबलाला प्रत्येक जोडावर पायरी आली असती. निळ्याचा फरक मोजण्यात धरू नये एवढा.

"बाई, तुम्ही कुठल्या कारखान्यात होता?" त्याने विचारलं.

"चष्म्याच्या दुकानात. तुमचा स्क्रू ढिला आहे."

हिरवं घेतलं असतं तर बचत झाली असती, पण स्वस्त म्हणजे परवडणारं नव्हे. सात फळ्या एकदाच आहेत. निळ्याला पैसे भरले. बिस्किटांची दोन पाकिटं घेतली. ती झाकणाच्या बरणीत ठेवायची, नाहीतर हवेतला ओलावा पिऊन फुगतात आणि खाचेत जात नाहीत.

ह्यांनी सांगितलं होतं म्हणून मशीन धरूनही बघितलं. मूठ बरोबर मावली. बटण अंगठ्याखालीच आलं.

२४ फेब्रुवारी

खोकं ह्यांच्या पुढ्यात ठेवलं. ह्यांनी उजव्या हाताने मशीन बाहेर काढलं, उलटं-सुलटं करून बघितलं, फेन्स वर-खाली केली. "छान निवडलंस," म्हणाले. "मी गेलो असतो तर हिरवं घेऊन आलो असतो."

"मग लावू या का फळी?"

"आज नको. उद्या."

२७ फेब्रुवारी

उद्या.

१ मार्च

आजही उद्याच. पाय दुखतो, उजेड कमी आहे, फळ्या अजून सुकू देत. दीड वर्ष सुकलेल्या फळ्या! मी रोज दुकानातून येते तेव्हा आधी त्या खोलीत डोकावते. मशीन आहे तिथेच, कापडाखाली.

आज माझा तोल गेला. म्हटलं, "मी एवढी वणवण केली. सुट्टी घेतली, खांदे मोडून घेतले, चार पैसे बाजूला होते ते घातले. तुम्ही एक बटण दाबून बघत नाही. तुम्हाला बरं व्हायचंच नाहीये."

हे काठी घेऊन खिडकीशी गेले. मी भांडी आपटून घासली. असं बोलायला नको होतं. पण खोटं काय बोलले? मी दमले आहे. हात परत आणायचा तर कुणीतरी ओढायला हवं, आणि मी एकटीच ओढते आहे.

४ मार्च

दुकानातून चारला आले. घरात आवाज नाही. हे मागच्या खोलीत, जमिनीवर बसलेले, पाठ कामाच्या टेबलाच्या पायाला. उजव्या हाताभोवती माझा स्वयंपाकाचा टॉवेल आणि टॉवेल लाल.

मी काय ओरडले ते आठवत नाही. टॉवेल सोडला. बोटं पाचही आहेत. पातं स्प्रिंगने आपोआप आत जातं म्हणून वाचले. मशीन बाजूला उसळलं आणि हाताची मागची हाडं फळी आवळायच्या क्लॅम्पवर आपटली, कातडी फाटली. शेजाऱ्यांच्या गाडीतून दवाखाना, चार टाके. हे तासभर तसेच बसून होते. उजव्या हाताला पट्टी बांधायला डावा हात लागतो, आणि काठी धरायला उजवा.

परत आल्यावर ह्यांना झोपवलं आणि खोली आवरायला गेले. फळीच्या कडेत खाच नव्हती, ओरबाडा होता, बोटभर लांब. तेव्हा मशीन उचललं, कसं झालं ते बघावं म्हणून. उजव्या हाताने मूठ धरली. कडेला टेकवलं. फेन्स उचलली गेली. परत टेकवलं, परत उचलली गेली. तिला वरून दाबायला हवं. मी डावा पंजा तिच्यावर ठेवला आणि मग ते फळीवर घट्ट बसलं.

याला दोन हात लागतात.

हत्यारवाल्याने माझ्यासमोर चार वेळा दोन हातांनी चालवलं. मी इथेच, याच वहीत लिहून ठेवलं आहे, आत्ता मागे जाऊन वाचलं. दोन मुठी म्हणून राऊटर बाद केला मी! दीड वर्ष मी माणसांचा फक्त उजवा हात बघते आहे, डाव्याकडे बघायचं सोडूनच दिलं आहे. मोजायला काचेचं यंत्र घेऊन गेलेली मी शहाणी.

५ मार्च

सुट्टी. ह्यांना भरवलं. आता दोन्ही हात बांधलेले.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं.

"काय?"

"दोन हात लागतात ते."

"लाकडात हात घालून वीस वर्षं झाली. व्हिडिओ बघितल्याबरोबर कळलं."

"मग बोलला का नाहीत?" मला रडू आलं आणि रागही आला. "मला महिनाभर नाचवलंत!"

"तू तक्ता करत होतीस," हे म्हणाले. "जेवताना बोलत होतीस. फेन्स, पातं, भुसा. त्याआधी तू माझ्याशी फक्त गोळ्या आणि बटणांबद्दल बोलायचीस. मला ते थांबवायचं नव्हतं." मग म्हणाले, "आणि मशीन हवंच होतं. टेबल करायचं आहे."

"कोण करणार?"

"रंधा कोणी मारला?"

"मग काल कशाला हात घातलात त्याला?"

"तू म्हणालीस ना, मला बरं व्हायचं नाही म्हणून. वाटलं, एक खाच तरी पाडून दाखवावी. तुझ्यासाठी."

मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. ह्यांना माझ्या डोक्यावर हात ठेवता येईना, म्हणून ते हनुवटी टेकवून बसले. मी काय काय बोलले, माफी मागितली, शिव्याही दिल्या. मशीनबद्दल सगळं बोलून झालं. हाताबद्दल आम्ही दोघांपैकी कोणी काही बोललं नाही.

९ मार्च, रविवार

ओरबाडा पडलेली कड रंध्याने काढून टाकली, टेबल अर्ध्या इंचाने अरुंद होईल, होऊ दे. मग खाचा पाडल्या. मी.

ह्यांचं पहिलं फर्मान: प्रत्येक फळीच्या वरच्या अंगावर पेन्सिलीने मोठी फुली. फेन्स नेहमी फुलीच्याच बाजूला बसवायची. मी चौथ्या फळीला गप्पांच्या नादात उलट्या बाजूने पाडल्या. जोडून बघितल्या तर फळी दोन मिलिमीटर खाली.

"फुली कुठे आहे?" ह्यांनी नुसतं विचारलं.

"खाली."

"हं."

बिस्किटं चिकटवून त्या खाचा बुजवल्या आणि नव्या पाडल्या. हे रागावले नाहीत, मला वाटतं त्यांना मजा आली. पुढच्या सगळ्या बरोबर आल्या. मशीन आत जातं तेव्हा हाताला कळतं, लाकूड आधी नाही म्हणतं आणि मग देतं. सहा जोड, तीस बिस्किटं, गोंद, क्लॅम्प. क्लॅम्प आवळताना खांदा नुसता ठणकला, पण तो कुणाला बोल लावायचा ठणका नव्हता.

"आता शनिवारपर्यंत हात लावायचा नाही," हे म्हणाले.

"गोंद तर उद्या सुकेल."

"गोंद सुकेल. बिस्किटं पाणी पिऊन फुगलीत, वरचं लाकूडही त्यांनी उचललंय. उद्या घासलंस तर उद्या सपाट दिसेल. मग महिन्याभराने आतलं सगळं बसेल आणि प्रत्येक बिस्किटावर खड्डा दिसेल. तीस खड्डे."

मला धीर धरवत नाही हे ह्यांना माहीत आहे.

१६ मार्च

काल घासलं. जोड बोटाला लागत नाहीत, डोळे मिटून बघितलं. लेकीला फोटो पाठवला, तिने विचारलं, "बाबांनी केलं?" मी म्हटलं, "आम्ही केलं. पुढच्या वर्षी बाबांचा हात आला की ते फेन्स धरतील आणि मी ढकलीन."

हे शेजारीच होते. त्यांनी टेबलावरचा भुसा एका बोटाने गोळा केला आणि काठी घेऊन आत गेले. दमले असावेत.

२० मार्च

टाके काढले. व्हरांड्यात मीच त्या बाईला थांबवलं आणि विचारलं, तुम्ही मनाची तयारी म्हणाला होतात ती कशाची? तिने मला बाकावर बसवलं आणि सगळं सांगितलं. नवीन काहीच नव्हतं. गेल्या पावसाळ्यातही सांगितलं होतं म्हणाली. तेव्हा हे शेजारी होते. त्यांनी ऐकलं होतं. मी ऐकलं नव्हतं.

घरी काही बोलले नाही. जेवण करपलं.

२२ मार्च, शनिवार

टेबलाला बाकही करायचं ठरलं आहे, म्हणून बिस्किटं आणायला गेले. हत्यारवाल्याने पाकीट काढता काढता नेहमीसारखं विचारलं, "काय, साहेबांना जमतंय का मशीन? हात काय म्हणतो? येईल हो, हळूहळू."

मी म्हटलं, "मशीन मी चालवते. त्यांचा हात आता यायचा नाही."

माझ्या तोंडून एवढं सरळ निघेल असं मला वाटलं नव्हतं. तो गडबडला, चष्मा काढून पुसायला लागला. बिचाऱ्याचा काय दोष? त्याला म्हटलं सोमवारी दुकानात या, स्क्रू बसवून देते, आणि पाकीट घेऊन निघाले. बसथांब्यावर दोन बस जाऊ दिल्या. रडायचं होतं ते तिथेच रडून घेतलं, शेजारची बाई सरकून बसली.

घरी हे रेडिओ ऐकत होते. चपला न काढताच त्यांना सांगितलं, दुकानात मी काय म्हणाले ते, शब्द न् शब्द. ह्यांनी रेडिओ बंद केला. डावा हात उजव्या हाताने उचलून मांडीवर नीट ठेवला आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. मला वाटलं, दुखावले.

"बरं झालं बोललीस," ते म्हणाले. "इतके दिवस हे मला एकट्यालाच माहीत होतं."